संगणक अचानक बंद का पडतो?

पीकविम्याची मुदत संपत आलेली असते, सेवा केंद्राबाहेर रांग असते आणि अर्ज अर्धा भरून झालेला असताना संगणक खटकन बंद पडतो. झरीसारख्या गावात विमा, सातबारा, परीक्षेचे अर्ज ही सगळी कामे एकदोन यंत्रांवर चालतात. यंत्र थांबले की माणसांचा दिवस बुडतो.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: ‘फॉरमॅट मारा’ आणि ‘मदरबोर्ड गेला.’ पहिल्याने साठवलेले काम जाऊ शकते, दुसऱ्याने पैसे जातात. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस; पण एवढे नक्की सांगेन, की जुने हकीम नाडी धरण्याआधी विचारायचे, ‘दुखतं कधी?’ संगणकालाही हाच प्रश्न आधी विचारावा.

शेतीपंप सुरू होताच दिवा मंदावतो आणि त्याच क्षणी यंत्र बंद पडते का? मग दोष विजेचा. संगणकातला एसएमपीएस हा भाग 230 व्होल्टची वीज 12, 5 आणि 3.3 व्होल्टवर आणून आतल्या भागांना पुरवतो. दाब फार उतरला की तो हात टेकतो. इथे यूपीएसने सांभाळायला हवे. पण त्याची बॅटरी काही वर्षांत थकते, उन्हाळ्यात लवकरच. काम सेव्ह करून यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करून पाहा. संगणक लगेच विझला, तर बॅटरी संपली असण्याचीच शक्यता अधिक. आणखी एक गोष्ट: लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका. कागदावर शाई पक्की करताना तो एकदम भरपूर वीज ओढतो आणि यूपीएसवर ताण येऊन सगळेच बंद पडू शकते.

दुसरी खूण उष्णतेची. यंत्र सुरू होते, पंधरा-वीस मिनिटे चालते, बंद पडते. लगेच सुरू केले तर आणखी लवकर थांबते. परभणीचा मे महिना चाळीस अंशांच्या पुढचा. डब्याच्या आत त्याहून जास्त. प्रोसेसर साधारण शंभर अंशांच्या आसपास पोचला, की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. म्हणजे हे बंद पडणे हा आजार नसून बचाव आहे. कारण बहुधा साधे असते: काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू पंख्याखालच्या पत्र्यांत अडकून हवा कोंडते. प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ ब्रशने धूळ काढावी. डबा भिंतीला चिकटवू नये. तरीही फरक पडला नाही, तर प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावी.

तिसरी खूण: साधे टायपिंग नीट चालते, पण जड काम सुरू केले की थंड असतानाही यंत्र विझते. तिथे एसएमपीएस कमजोर झाल्याचा संशय घ्यावा. तो मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठून राहते.

निळा पडदा क्षणभर दिसून यंत्र पुन्हा सुरू होत असेल, तर रॅम किंवा ड्रायव्हर तपासायला हवा. विंडोजमधला ‘आपोआप रीस्टार्ट’ हा पर्याय बंद केला, की पडद्यावरचा संदेश वाचता येतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ दिसले, तर यंत्र रीतसर बंद झाले नव्हते एवढेच समजावे. कारण ती नोंद सांगत नाही.

म्हणून आठ दिवस एक वही ठेवा. बंद पडल्याची वेळ, चालू असलेले काम, दिव्याचा उजेड, डब्याची गरमी, सगळे लिहा. ही वही तंत्रज्ञापुढे ठेवली, की अंदाजाने भाग बदलत बसण्याचा खर्च वाचेल. आणि तोवर, प्रत्येक परिच्छेदानंतर काम सेव्ह करत चला.