खाशांच्या घरची घंटा

गंगापूर रोड म्हणजे नवं नाशिक, असं आपण सहज म्हणतो. पण पेशवाईत या बाजूला खाशांची वस्ती होती. राघोबादादांचा वाडा आनंदवल्लीला होता आणि नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उतारवयात गंगापूरला येऊन राहिल्या होत्या. अशा घरांतली पूजा घंटेवाचून होत नसे.

पूजेत घंटेचा मान फार वरचा. देवाला स्नान घालायच्या आधी कलश, शंख आणि घंटा यांची पूजा होते. घंटेला गंध, फूल, हळदकुंकू वाहायचं आणि मगच ती डाव्या हातात घेऊन वाजवायची. मुठीवर बहुधा गरुड असतो, गुडघा टेकलेला, हात जोडलेला. कुठे मारुती, कुठे नंदी. पिढ्यान् पिढ्या चिंचेने घासून गरुडाचं नाक सपाट होतं, पंखांच्या खाचांत मात्र जुनं कुंकू तसंच राहतं. घंटा चांगल्या काशाची असेल, म्हणजे तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील असेल, तर नाद बराच वेळ रेंगाळतो. नुसत्या पितळेचा लवकर विझतो.

पेशवाईच्या दोन-अडीचशे वर्षं आधी युरोपातल्या सरदार-धर्मगुरूंच्या घरीही हातघंटा होती. ती मात्र चाकराला हाक मारण्यासाठी. राफाएलने १५१८च्या सुमारास रंगवलेल्या पोप दहावा लिओ याच्या चित्रात त्याच्यापुढच्या मेजावर अशी नक्षीदार घंटा ठेवलेली दिसते. पदुआत ग्रांदी काका-पुतणे काशाच्या घंटा ओतत आणि त्यांवर धन्याच्या घराण्याचं कुलचिन्ह उठवत. सगळ्यांवर कडी केली न्यूरेंबर्गच्या वेन्झेल याम्निट्झरने. १५५५-६०च्या सुमाराची त्याची चांदीची घंटा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पाली, किडे, पानं यांचे प्रत्यक्ष साचे घेऊन त्याने ती मढवली. बघताना अंगावर काटा येतो, इतकी ती जिवंत आहे. तरीही मला गरुडघंटा अधिक जवळची वाटते, कारण आपल्याकडे हाक मारणारी वस्तूच आधी पूजली जाते.

युरोपची एक घंटा तर आपल्या गोदाकाठीच आहे. पंचवटीत नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलेल्या रामेश्वर मंदिराच्या वेशीवर ती टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेलं आहे, आणि चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या विजयाची ती खूण मानतात. नारोशंकराची घंटा म्हणून सगळा मराठी मुलूख तिला ओळखतो. घरातल्या लहान घंटेची कथा मात्र कुणी लिहून ठेवली नाही.

इंग्रजी अमलात मेजावरची घंटा इथेही आली, ती साहेबाच्या कचेरीत पट्टेवाल्याला बोलवायला. वाड्यातली घंटा देवघरातच राहिली. १८८३च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरने इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल घेतली आहे, आणि भांडी बाजारात अजूनही घंटा वाजवून पारखून घेणारी गिऱ्हाइकं भेटतात. पुढे वाड्यांतली कुटुंबं गंगापूर रोडच्या बंगल्यांत आली, बंगल्यांच्या जागी इमारती झाल्या, देवघर भिंतीवरच्या कपाटात बसलं. दारावर विजेची बेल आली, आरती मोबाईलवर लागू लागली. घंटा हलकी झाली, पत्र्यासारखी पातळ. तिचा लोळा आपटतो, पण नाद निघत नाही.

घर बदलताना जुनी ओतीव घंटा मोडीत घालू नका. मोडीत तिचे वजनाचे पैसे येतील, पण तशी घंटा पुन्हा सहजी मिळणार नाही. घरात ठेवणं जमत नसेल तर तिचा फोटो काढा, ती कुणाची, कुठून आली ते लिहून ठेवा आणि नात्यातल्या ज्या घरी रोज पूजा होते तिथे ती द्या.