सांधा आणि संधी

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने मोटारीच्या भानगडीत पडू नये, यावर आमच्या घरात सर्वांचे एकमत आहे. वर्गात मी संधी सोडवतो; गाडीचा सांधा सुटला तर मात्र मला घाम फुटतो. तरीही गेल्या माघात मला या विद्येचे चार धडे घ्यावे लागले, आणि गुरुदक्षिणाही मोजावी लागली.

आमचे शेत शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला, कॉलेज मुरबाडला. भात निघाले की धाकटा भाऊ भेंडी लावतो. भेंडी मोठी मानी! एक दिवसाआड तोडावीच लागते. राहिली की जून होते, आणि गिऱ्हाईक शेंडा मोडून पाहून पुढे चालू लागते. म्हणून भावाने एक जुनी पिकअप घेतली. रात्री क्रेट भरायचे आणि सरळगाव, मुरबाड करीत पहाटे कल्याणच्या बाजारात उतरवायचे, हा त्याचा क्रम.

शेतातून रस्त्यावर येताना गाडीचे पोट दगडाला लागे. तेव्हा कुठल्याशा गॅरेजवाल्याने ती पुढून दोन इंच उचलून दिली. भाऊ खूश! "दादा, बघ कशी ऐटीत उभी आहे!" मीही मान डोलावली. नुसती मान डोलावली असती तर बरे. निम्मे पैसेही मीच दिले.

पंधरा दिवसांत गाडी बिघडलेल्या बैलासारखी वागू लागली. स्टिअरिंग सरळ धरले तरी ती इकडेतिकडे जाई. पुढचे टायर एकाच कडेने खरवडले गेले. एका पहाटे मी शेजारी बसलो होतो. सरळगावच्या अलीकडे वळणावर खड्डा आला, खाडकन आवाज झाला आणि गाडी आपसूक डावीकडे ओढली. कडेने दुधाच्या किटल्या लावून एक सायकलवाला चालला होता. भावाने ब्रेक दाबला. दोघांत हातभर अंतर उरले. तो माणूस शिवी देईल तर बरे, असे मला वाटले. त्याने फक्त किटल्या चाचपल्या आणि निघून गेला. भाऊ बराच वेळ गाडी चालू करीना.

दुसऱ्या दिवशी त्याने उपाय शोधला. मोबाईलवर त्याला बाहेरच्या बनावटीचे, चकचकीत रंगाचे 'कंट्रोल आर्म' दिसले होते. ते बसवले की गाडी मजबूत होईल, भारही जास्त घेईल, असा त्याचा हिशोब. पैसे अर्थात दादाकडे! मी म्हटले, आधी मिस्त्रींना विचारू.

मुरबाडचे आमचे मिस्त्री वयाने सत्तरीकडे झुकलेले. गाडीखाली शिरून ते दहा मिनिटांनी बाहेर आले आणि मला म्हणाले, "मास्तर, बसा. तुम्हाला शिकवतो."

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे जोडल्या जाऊ लागलेल्या विलीज जीपला पुढेमागे पाटेच असत. आजही कित्येक पिकअपना पुढेसुद्धा पाटे असतात. त्यांत आर्मचा प्रश्नच येत नाही. पण ज्या गाडीचे पुढचे प्रत्येक चाक स्वतंत्र हलते, तिथे चाक चासीला धरून ठेवतात ते हे आर्म. पुष्कळ गाड्यांत एक वर, एक खाली. त्यांचा आकार पक्ष्याच्या छातीच्या दुबेळक्या हाडासारखा, म्हणून साहेबाने त्यांना 'विशबोन' म्हटले. चासीकडच्या टोकाला रबराचे बुश, चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट.

"गाडी वर उचलली की आर्म खाली तिरपा होतो," मिस्त्रींनी आपला कोपर वाकवून दाखवला. "बॉल जॉइंट आधीच ओढलेला, खड्ड्यात चाक आणखी लटकले की त्याला हलायला जागाच नाही. वर चाकाचा कोनही बदलतो. मग गाडी सरळ कशी जाईल?"

"म्हणूनच नवे आर्म," भाऊ म्हणाला.

"खरे आहे. चांगल्या बनावटीचा वरचा आर्म उचललेल्या गाडीसाठीच कोन बदलून केलेला असतो, बॉल जॉइंटलाही फिरायला जास्त जागा देतो. पण त्याने भार वाढत नाही. तुझा माल मागे, मागच्या पाट्यांवर. आणि त्याचा बॉल जॉइंट गेला तर कल्याणात मिळेल? पार्सल येईपर्यंत भेंडी थांबेल?"

भाऊ गप्प झाला. माझ्याजवळ पुस्तकी मुद्दा होता, तो मी पुढे केला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीतल्या आणि कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करू नये. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. मिस्त्री हसले. "कायदा नंतर, मास्तर. आधी तो किटलीवाला आठवा."

तेव्हा ठरले. गाडी मूळ उंचीवर आणली. कंपनीचेच नवे आर्म, बुश आणि बॉल जॉइंट घातले. शेतातले चार दगड पहारीने काढले; त्याला अर्धा दिवस लागला, पैसे शून्य! एक गोष्ट मला फार आवडली. चाके हवेत लटकत असताना मिस्त्रींनी बुशचे बोल्ट नुसते लावून ठेवले. गाडी जमिनीवर टेकवली, तिचे वजन चाकांवर आले, मगच पाना आवळला. हवेत आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते म्हणे. शेवटी कल्याणला जाऊन अलाइनमेंट करून घेतली.

त्या पानाच्या आवाजाबरोबर माझ्या मनात आले, आपणही पोरांना असेच हवेत लटकवून आवळतो. आधी त्यांचे पाय जमिनीला टेकू द्यावेत.

परवा भाऊ म्हणाला, "दादा, उरलेल्या पैशांचे काय?" मी विचारले, "कुठले उरलेले?" "तू चकचकीत आर्मना देणार होतास ते." तेव्हा या दिवाळीत आमच्या पिकअपला नवे टायर आले आहेत. गुरुदक्षिणा अजून चालूच आहे.