नानींची तारीख चुकली नव्हती

वृद्धाश्रम हा शब्द आपल्या घरांत दबक्या आवाजात उच्चारला जातो. आई-वडिलांना तिथे ठेवणारा मुलगा म्हणजे नाफर्मान औलाद, एवढ्यावर बोलणे संपते. पण बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उमर घालवलेले, गाव मागे सुटलेले, मूलबाळ नसलेले किंवा मुले आखातात गेलेले कितीतरी लोक आता म्हातारे झाले आहेत. त्यांतल्या काहींना संस्थेचाच आसरा घ्यावा लागतो. दोष कोणाचा, हे ठरवत बसण्यापेक्षा मला वेगळा प्रश्न पडतो. या माणसांच्या तब्येतीचा अभ्यास कोण करते?

वृद्धांचा देशातला फार मोठा अभ्यास आपल्या जवळच्या, मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केला. ‘लासी’ या नावाने तो ओळखला जातो. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक लोक त्यात होते. नुसते प्रश्न विचारले नाहीत. रक्तदाब, हाताच्या पकडीचा जोर, चालण्याचा वेग, फुफ्फुसांची ताकद मोजली, बोटातून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. मोठेच काम. मात्र ही पाहणी घरोघरी जाऊन केलेली. ज्याचे घरच सुटले, तो या मोजणीत येत नाही.

यामुळे काय बिघडते, ते इंग्लंडच्या उदाहरणावरून कळते. २०२० साली तिथल्या वृद्धनिवासांत कोविडने हाहाकार माजवला. तेव्हा ‘विवाल्डी’ नावाचा अभ्यास थेट त्या निवासांतच सुरू झाला. पुढे लस आली, पण इतक्या थकलेल्या, अनेक आजार असलेल्या माणसांवर ती चालेल का? ३१० निवासांतील ६५ वर्षांवरील १०,४१२ रहिवाशांच्या नियमित तपासण्यांवरून दिसले, की एका डोसनंतर चार-पाच आठवड्यांनी संसर्गाचा धोका निम्म्याहून कमी होतो. नवे औषध नाही, सुई-चाकू नाही. वेळच्या वेळी केलेल्या तपासण्या आणि नीट ठेवलेल्या नोंदी, एवढ्यावर हे उत्तर मिळाले.

आपल्याकडे हे करायचे तर पहिली अडचण भाषेची. पालघरात कोणी वारली बोलतो, कोणी गुजराती, कोणी आपली कोकणी मुसलमानी बोली, कोणी उत्तरेकडची हिंदी. ईदनंतर आठवीच्या मुलांना घेऊन मी एका संस्थेत शीरखुर्मा घेऊन गेले होते. तिथे एक कार्यकर्ती स्मरणशक्तीची चाचणी घेत होती. ‘आज तारीख काय?’ नानी म्हणाल्या, ‘शव्वालची पाच.’ तिने कागदावर फुली मारली. माझा एक विद्यार्थी न राहवून ओरडला, ‘टीचर, बरोबर आहे ना!’ बरोबरच होते. चार दिवसांपूर्वी ईद झाली होती. त्या फुलीमुळे नानींच्या नावापुढे विसराळूपणाचा एक गुण वाढला, आणि अशा फुल्या जमत गेल्या की शहाण्या बाईला आजारी ठरवायला वेळ लागत नाही.

हा प्रश्न संशोधकांनाही ठाऊक आहे. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी विलायती चाचणीचा हिंदी अवतार तयार झाला. शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी विसातून तीन-तीन. इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलटे म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे. शाळेत कधी न गेलेल्या माणसाची अक्कल मोजायची, त्याचे शिक्षण नव्हे. आम्ही शिक्षक प्रश्नपत्रिका काढताना हाच फरक विसरतो, हे जाता जाता.

दुसरी गोष्ट संमतीची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे इथे स्पष्ट आहेत. संस्थाचालकाने परवानगी दिली म्हणजे रहिवाशाने होकार दिला, असे होत नाही. माहिती त्याला समजेल अशा भाषेत हवी. जो वाचू शकत नाही, त्याच्या अंगठ्याच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर हवा. मधेच ‘नको’ म्हणण्याचा हक्क शेवटपर्यंत राहतो. जेवण आणि छप्पर ज्यांच्या हातात, त्यांना नाही म्हणणे म्हाताऱ्या माणसाला जड जाते. म्हणून साक्षीदार संस्थेचा नोकर नसावा, असे मला वाटते. उर्दू-मराठी दोन्ही जाणणारे निवृत्त शिक्षक, शिकलेल्या सुना, कॉलेजातल्या मुली हे काम करू शकतात. औषधाची चाचणी असेल तर ती ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये नोंदलेली आहे का, हे मोबाइलवर कुणीही पाहू शकते. नोंद नसेल तर सही करू नये.

संशोधक येईपर्यंत थांबायचेही कारण नाही. जवळच्या संस्थेत एक जाड वही द्यावी. कोण पडले, किती वाजता, कुठे, दिवा होता का, पायात चप्पल होती का, झोपेची गोळी घेतली होती का. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मधुमेहींची साखर वेगळ्या पानावर. नावाऐवजी क्रमांक लिहावा, म्हणजे घरची गोष्ट बाहेर जात नाही. सहा महिन्यांनी ती पाने गावातल्या डॉक्टरला दाखवली, तर निदान न्हाणीघराचा दिवा कुठे लावायचा, हे तरी कळेल. वही कपाटात कुलूप लावून ठेवू नये मात्र. किल्लीवाला सुट्टीवर गेला की त्या दिवशीची नोंद राहून जाते, आणि रात्री पडणारे काही त्याची सुट्टी पाहून पडत नाहीत.