पिढ्यांचा हिशेब : पूडल-संकराविषयी थोडेसे

गेटसभांतून बोलणाऱ्या माणसाने कुत्र्यांच्या वंशावळीवर व्याख्यान द्यावे, याचे काही श्रोत्यांना हसू येईल. परंतु हा विषय आपण होऊनच आमच्याकडे चालत आला. युनियनमधल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या नातवाला कुत्र्याजवळ गेले की शिंका येतात, धाप लागते. आणि पोराला हवा आहे कुत्राच. विक्रेत्याने कागद दिला : ‘लॅब्राडूडल, एफ-वन-बी, ७५ टक्के पूडल, अ‍ॅलर्जीमुक्त.’ किंमत ऐकून आजोबांना घाम फुटला. करारातली कलमे आम्ही त्यांना नेहमी समजावून देतो, म्हणून हाही कागद आमच्यापुढे आला. आम्हांला त्यातले ओ की ठो कळेना. तेव्हा वाचायला बसलो.

या कुत्र्याचा जन्म मुळात अशाच एका अडचणीतून झाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हवाई बेटांतील एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण त्यांच्या यजमानांना कुत्र्याचे वावडे होते. ऑस्ट्रेलियातील अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतील वॉली कॉनरन यांनी अनेक पूडल पारखून पाहिले. ते कामाला उतरेनात. शेवटी त्यांनी लॅब्राडॉर मादी आणि पूडल नर यांचा संकर केला. पिल्ले तीन झाली. त्यांचे केस आणि लाळ तपासणीला हवाईला पाठवली, तेव्हा तिघांपैकी एकच पिल्लू त्या गृहस्थांना मानवले. एकाच आईबापांची, एकाच वेतातली तीन पिल्ले, आणि पास झाले एक! विक्रेत्याच्या कागदावर हा आकडा कोठे दिसत नाही. पुढे जो धंदा माजला तो पाहून कॉनरन यांनी स्वतःच २०१९ साली जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

आता ती अक्षरे. ‘एफ’ म्हणजे संततीची पिढी. शुद्ध लॅब्राडॉर आणि शुद्ध पूडल यांची पिल्ले ती एफ-वन. दोन एफ-वनची पिल्ले ती एफ-टू. ‘बी’ म्हणजे संकरिताचा पुन्हा मूळ जातीशी, बहुधा पूडलशी, केलेला संबंध. एफ-वन-बी म्हणजे सरासरीने पाऊण पूडल. आणखी एकदा पूडलशी संबंध केला की साडेसत्याऐंशी टक्के.

यातला ‘सरासरी’ हा शब्द कागदावरून गळाला आहे. कामगारांना तो चांगला ठाऊक आहे. वाटाघाटीत मालक खात्याचा सरासरी पगार सांगतात. त्यात मॅनेजर येतो आणि झाडूवालाही येतो, पण झाडूवाल्याच्या पाकिटात सरासरी पडत नाही. पिल्लाचेही तसेच. एफ-वनमधले प्रत्येक पिल्लू बरोबर अर्धे-अर्धे असते. पण ते मोठे होऊन स्वतः पिल्ले देते तेव्हा कुत्र्याच्या ३९ गुणसूत्र-जोड्यांची पिसणी होते. कोणाच्या हाती पूडलची पाने जास्त येतात, कोणाच्या हाती लॅब्राडॉरची.

आमच्या लहानपणी गावाकडे हे आम्ही ज्वारीत पाहिले. महाराष्ट्रात ‘हायब्रीड’ हा शब्द घरोघर नेला तो १९६४च्या ‘सीएसएच-१’ या ज्वारीने. विकतचे बियाणे परवडेना म्हणून वडिलांनी एका वर्षी हायब्रीडच्याच कणसांतले दाणे पेऱ्याला राखले. पहिल्या साली सारे शेत एका उंचीचे होते. दुसऱ्या साली ताटे उंच-बुटकी, कणसे काही भरलेली, काही पोचट. वडील दुकानदारावर चिडले. दुकानदाराचा दोष नव्हता. ब्रून येथील मठात मेंडेल यांनी वाटाण्यावर हेच पाहिले आणि १८६५ साली सभेपुढे मांडले होते : पहिल्या पिढीत सारे दाणे गोल, दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. तीनास एक.

पूडलच्या दाढीमिशांचा गुण असाच प्रभावी आहे, आणि तो असलेल्या कुत्र्याचे केस सहसा कमी झडतात. लॅब्राडॉरमध्ये तो नसतो. एफ-वनमध्ये पूडलकडून त्याची एक प्रत येते, म्हणून सर्वांना मिशा. एफ-टूमध्ये सरासरीने चारांत एक पिल्लू सपाट तोंडाचे, घरभर केस झाडणारे निघते. एफ-वन-बीमध्ये, पूडलशीच संबंध केला असेल तर, एक तरी प्रत प्रत्येकाला मिळते. म्हणजे केसांपुरते विक्रेता फारसे खोटे बोलत नव्हता!

पण नातवाला वावडे केसांचे नाही. ते लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांचे असते. त्यांतल्या मुख्य प्रथिनाचे नाव ‘कॅन एफ १’. आपल्या एफ-वनशी त्याचा काही संबंध नाही, हा निव्वळ नावाचा घोटाळा. २०११ साली अमेरिकेत घराघरांतली धूळ तपासली, तेव्हा ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या जातींच्या घरी हे प्रथिन कमी आढळले नाही.

संकर तेवढा निरोगी, हेही अर्धेच खरे. दोन जातींचे दोष वेगळे असतील तर ते झाकले जातात. परंतु डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक सुप्त दोष लॅब्राडॉरमध्येही आढळतो आणि पूडलमध्येही, आणि तो एकाच जनुकातला एकच बिघाड आहे. आईबाप दोघेही तो बाळगून असतील, तर एफ-वनमध्येसुद्धा चारांत एक पिल्लू आंधळेपणाच्या वाटेवर असते. रक्ताची तपासणी होते. ती मागावी लागते.

आम्ही सहकाऱ्याला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या : आईबापांच्या डोळ्यांचा दाखला, खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे, आणि नातवाला त्याच पिल्लापाशी दोन-तीन वेळा तासभर बसू देण्याची परवानगी. पहिल्या दोन कागदांवर विक्रेता कुरकुरला. तिसऱ्याला कबूल झाला. गेल्या रविवारी पोरगा बसला. अर्ध्या तासात नाक गळू लागले. मग त्याने त्याच वेतातले दुसरे, कोपऱ्यात झोपलेले काळे पिल्लू उचलले, आणि तास संपेपर्यंत एक शिंक आली. येत्या रविवारी पुन्हा जायचे आहे.