गोचिडीचा ताप ओळखायचा कसा?

गोचीड चावून माणसाला होणाऱ्या जिवाणूजन्य आजारांपैकी भारतात प्रामुख्याने आढळतो तो टिक टायफस. तो रिकेट्सिया कोनोरी या जिवाणूमुळे होतो. सुरुवातीला नुसता ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी असते. पुढे प्लेटलेट घटतात, यकृताची एन्झाइम्स वाढतात आणि डेंग्यूचाच संशय बळावतो.

खरी खूण साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अंगावर उमटते. गोवराचे पुरळ कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरते; हे मनगटे आणि घोट्यांपाशी सुरू होऊन अंगभर पसरते, बऱ्याचदा तळहात-तळपायांवरही येते. चाव्याच्या जागी कधी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. काखेत, जांघेत, कानामागे, केसांत शोधावी लागते. चावा आठवत नसला, तरी गोठा, कुत्रा, रानातली कामे यांची चौकशी करायला हवी. गोचिडीचे पिल्लू खसखशीएवढे असते आणि चावताना कळतही नाही.

प्रयोगशाळेची मदत उशिरा मिळते. हा जिवाणू जिवंत पेशीतच वाढतो, त्यामुळे नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये तो सापडत नाही. १९१६ सालची वाइल-फेलिक्स चाचणी प्रोटियस या भलत्याच जिवाणूच्या आधारे प्रतिपिंडे शोधते. ती स्वस्त आहे, पण बरेच रुग्ण तिच्यातून निसटतात आणि आजार नसतानाही ती कधी पॉझिटिव्ह येते. आयजीएम एलायझा तिच्यापेक्षा भरवशाची. तरी पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडेच पुरेशी नसतात, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबणे धोक्याचे. इम्युनोफ्लुरोसन्स चाचणीत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडे चौपट वाढली, तर निदान पक्के होते. पण तोवर रुग्ण एक तर बरा झालेला असतो किंवा हाताबाहेर गेलेला. पीसीआर लवकर उत्तर देते. तिच्यासाठी रक्तापेक्षा खपलीचा किंवा पुरळाच्या कातडीचा तुकडा चांगला, कारण जिवाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात दडलेले असतात.

म्हणून संशय येताच, रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन सुरू करतात, लहान मुलांनाही. ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. नाही उतरला, तर निदान पुन्हा तपासावे लागते. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सत्तरी भागात तर हे आधीपासूनच ध्यानात ठेवावे लागते. तिथला माकडतापही गोचिडीतूनच येतो, पण तो विषाणूचा असल्याने हे औषध त्याच्यावर चालत नाही. त्याच्या पीसीआरसाठी रक्त पहिल्या काही दिवसांतच पाठवावे लागते.