कुत्रा आणि पिंजरा

मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांत कुत्र्याबरोबर अलीकडे एक नवी वस्तु येऊं लागली आहे. लोखंडी तारांचा, घडी करून भिंतीशीं टेकवितां येणारा आणि तळाशीं सरकतें ताट असलेला पिंजरा. दुकानांत त्याला क्रेट म्हणतात. जुन्या वाड्याच्या दारांत बसणाऱ्या मोत्याला फार तर साखळी असे, आणि पुष्कळदां तीहि नसे. ओटा, अंगण आणि गल्लीचें वळण एवढा त्याचा मुलूख, आणि त्यांत तो आपल्या मर्जीनें उठे-बसे. आतां घर पांचव्या मजल्यावर गेलें. नवरा-बायको दोघेंहि सकाळीं कामावर जातात; लोकलचा प्रवास धरला तर घर नऊ-दहा तास कुलुपांत असतें. तेवढ्या वेळांत नव्या पिलानें चपला फाडूं नयेत, गादी भिजवूं नये, विजेची तार दांतांत धरूं नये, म्हणून त्याला पिंजऱ्यांत घालून कडी लावली जाते. हेतु दुष्ट नसतो. उलट पुष्कळदां तो काळजीचाच असतो. परंतु ही कडी किती वेळ लावावी, हें ठरवितांना मालक पाहतो तें आपल्या कचेरीच्या वेळाकडे, आणि तेथेंच हिशेब चुकतो.

कायद्याकडे पाहिलें तर उत्तर अर्धेंच मिळतें. राज्यसभेंत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं प्राण्यांच्या छळाविरुद्ध जो आग्रह धरला, त्याचें फळ म्हणून १९६० सालीं प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमांत या विषयाला लागू पडणाऱ्या दोन गोष्टी आहेत. प्राण्याला हालचाल करण्यास वाजवी अवसर मिळणार नाहीं इतक्या अपुऱ्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यांत त्याला ठेवणें हा अपराध आहे. आणि जो कुत्रा नेहमीं साखळीनें बांधलेला किंवा कोंडलेला असतो त्याला वाजवी व्यायाम देण्याची हयगय मालकानें केली तर तोहि अपराध आहे. पहिल्या अपराधाला कायद्यानें दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. एवढ्या पैशांत आज त्या पिंजऱ्याचें कुलूपहि येणार नाहीं. पण दंडाहून महत्त्वाचा शब्द आहे तो 'वाजवी'. किती तास म्हणजे वाजवी, हें कायदा सांगत नाहीं.

कांहीं देशांनीं या बाबतींत अधिक स्पष्ट बोलण्याचें धाडस केलें आहे. स्वीडनमध्यें दिवसां निदान दर सहा तासांनीं कुत्र्याला बाहेर न्यावें, पिलांना व म्हाताऱ्या कुत्र्यांना त्याहूनहि लवकर, अशी तेथील शेतकी खात्याची सूचना आहे. त्या देशांत आणि शेजारच्या फिनलंडांत घरांतल्या कुत्र्याला नित्य अशा लहान पिंजऱ्यांत ठेवण्याला मुळीं मान्यताच नाहीं; प्रवास, आजारपण अशा कारणांपुरताच तो चालतो. जर्मनीनें जागेचें माप बांधून दिलें आहे: खांद्याशीं पन्नास सेंटिमीटरपर्यंत उंच असलेल्या कुत्र्यालाहि कोंडून ठेवावयाचें तर सहा चौरस मीटर जागा हवी. आपल्याकडील बाजारांत मिळणाऱ्या नेहमींच्या मोठ्या क्रेटचा तळ एका चौरस मीटराच्या आंतच असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या दोन कल्पनांमधील अंतर समजतें.

तेव्हां 'वाजवी' या शब्दाचा अर्थ कुत्र्याच्या शरीरालाच विचारला पाहिजे. निरोगी कुत्र्याच्या शरीरांत दर किलो वजनामागें दिवसाकाठीं सुमारें वीस ते चाळीस मिलिलिटर मूत्र तयार होतें. दहा किलोच्या कुत्र्याचा नऊ तासांचा हिशेब केला तर तें ७५ ते १५० मिलिलिटर भरतें. म्हणजे चहाचा एक पेला. मोठा कुत्रा तेवढें थोपवून धरूं शकतो, याचा अर्थ त्यानें रोज थोपवावें असा नव्हे. शिवाय मुंबईच्या उन्हाळ्यांत तो पाणी भरपूर पितो, आणि पाणी कमी पाजून पिंजरा कोरडा ठेवण्याची युक्ति कांहीं घरांतून चालते ती तर उघड क्रूरपणाची आहे.

पिलाची गोष्ट आणखी नाजूक. त्याचें मूत्राशय लहान, आणि त्यावरचा ताबा वयाबरोबर हळूहळू येणारा. पिलाचें वय जितके महिने, त्यांत एक मिळवावा म्हणजे तें किती तास दम धरील तें कळतें, असा एक ठोकताळा पाळणाऱ्यांत प्रचलित आहे. दोन महिन्यांचें पिलूं तीन तास, तीन महिन्यांचें चार तास. हा ठोकताळा वरची मर्यादा दाखवितो, नित्याचा पाठ नव्हे. आणि तो वाढत्या वयाबरोबर ताणीत नेला तर हास्यास्पद ठरतो, कारण नऊ महिन्यांच्या कुत्र्याला दहा तास कोंडावें असें त्यावरून निघेल! जागेपणीं लहान पिलाला एक-दोन तासांहून अधिक कोंडूं नये, आणि सहा महिन्यांचें होईपर्यंत एका वेळीं तीन-चार तासांची शीव ओलांडूं नये, हें जाणत्यांचें मत अधिक सुरक्षित आहे.

यावर एक उत्तर नेहमीं ऐकूं येतें: "आमचा कुत्रा तर दहा तास राहतो, आणि संध्याकाळीं पिंजरा अगदीं कोरडा असतो. त्याला त्रास असता तर त्यानें दाखविला नसता का?" या युक्तिवादाची परीक्षा एका जगप्रसिद्ध कुत्रीच्या बाबतींत झालेली आहे. ३ नोव्हेंबर १९५७ रोजीं सोव्हिएत रशियानें लायका नांवाची कुत्री स्पुटनिक-२ मधून अंतराळांत पाठविली. ती मॉस्कोच्या रस्त्यावरची बेवारशी कुत्री, वजनानें पांच-सहा किलोची. यानाच्या कोठडींत तिला बसतां-निजतां येईल एवढीच जागा होती. म्हणून तिला आणि तिच्या दोन सोबतिणींना अगोदर क्रमाक्रमानें लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत, वीस-वीस दिवसांपर्यंत, ठेवून संवय लावण्यांत आली. तेव्हां शास्त्रज्ञांना जें दिसलें तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अरुंद जागेंत कोंडलेल्या त्या कुत्र्यांनीं मलमूत्रविसर्जनच थांबविलें. त्या अस्वस्थ झाल्या, त्यांची प्रकृति खालावत गेली. रेचक देऊन पाहिलें, त्याचाहि उपयोग झाला नाहीं. दीर्घ काळाच्या शिक्षणानंतरच कांहीं सुधारणा झाली.

अर्थात् अंतराळयानाची कोठडी आणि दिवाणखान्यांतील पिंजरा यांत फरक आहे, आणि कोणी मालक आपल्या कुत्र्याला वीस दिवस कोंडीत नाहीं. पण एक गोष्ट त्यावरून निर्विवाद ठरते. निजावयाची जागा घाण करावयाची नाहीं हा कुत्र्याचा उपजत स्वभाव आहे. त्या स्वभावापायीं तो शरीराची गरजसुद्धां दाबून धरतो. कोरडा पिंजरा हा त्याच्या सुखाचा पुरावा नव्हे. तसेंच त्याच्या शांत पडून राहण्याचें. आरंभीं भुंकून, रडून, दार खरवडून कोणी येत नाहीं असें कळल्यावर कित्येक कुत्रे गप्प होतात, आणि त्या गप्पपणाला घरचीं माणसें संवय असें नांव देतात.

पिंजऱ्याचे विक्रेते आणखी एक दाखला देतात. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडगा गुहेंत राहतो, म्हणून पिंजरा ही कुत्र्याची गुहाच होय! यांतील पहिला भाग खरा आहे. दुसरा अर्धवट आहे. लांडगी वितें तेव्हां बिळाचा आश्रय करते, आणि पिलें आठ-दहा आठवड्यांचीं झालीं कीं तें बीळ सोडलें जातें. मोठे लांडगे उघड्यावर निजतात. आणि मुख्य म्हणजे बिळाला दार नसतें. आपल्या गांवांतली कुत्रीहि पिलें घालण्यासाठीं गंजीखालीं, जिन्याखालीं, पडक्या भिंतीच्या आडोशाला जागा शोधते. तिला आडोसा आवडतो हें खरें; पण त्यावरून तिला कडी आवडते असें सिद्ध होत नाहीं.

मूत्राशयाचा प्रश्न सुटला तरी अवयवांचा उरतो. कुत्रा दिवसांतून पुष्कळ तास झोंपतो, परंतु माणसासारखा एकटांक नाहीं. थोडें निजतो, उठतो, आंग ताणतो, जागा बदलतो, फरशी गार असेल तेथें जाऊन पडतो. इंग्लंडांत ब्रँबेल समितीनें १९६५ सालीं शेतांवरील जनावरांसाठीं जी किमान अपेक्षा सांगितली, कीं जनावराला उभें राहतां, निजतां, वळतां, आंग साफ करतां आणि हातपाय ताणतां आले पाहिजेत, ती कुत्र्याच्या पिंजऱ्यालाहि लावावी. पिंजरा या मापाचा नसेल तर तासांची चर्चाच व्यर्थ आहे. जे कुत्रे गज चावतात त्यांच्या सुळ्यांच्या मागच्या बाजूला विशिष्ट झीज होते. पशुवैद्याला ती पाहतांक्षणीं ओळखूं येते, आणि घरच्यांनीं सांगितलें नाहीं तरी दांत सांगतात. उष्णतेचेंहि भान हवें. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाहीं. तो धापा टाकून, जिभेवरून व श्वासमार्गांतून पाणी उडवून आंग निववितो. दमट, वारा बंद असलेल्या खोलींत ही क्रिया लंगडी पडते, आणि पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत तर ती मुळांतच अपुरी. लायकाचा अंतहि यान सुटल्यावर कांहीं तासांतच उष्णतेनें झाला, हें २००२ सालीं उघडकीस आलें.

आतां हिशेब. धडधाकट, वयांत आलेला कुत्रा दिवसां एका दमानें चार-पांच तास पिंजऱ्यांत राहिला, त्याआधीं व नंतर त्याला नीट फिरविलें, तर त्यास अन्याय म्हणतां येणार नाहीं. एखादे दिवशीं सहा तास झाले तरी आकाश कोसळत नाहीं. रात्रीं घर निजलेलें असतां, झोंपण्यापूर्वी बाहेर नेऊन आणलेला कुत्रा सात-आठ तास स्वस्थ राहतो. परंतु बहुतेक घरांतून फसगत होते ती बेरजेंत. दिवसाचे नऊ तास निराळे मोजले जातात, रात्रीचे आठ निराळे. दोन्ही मिळून चोवीसांपैकीं सतरा तास तो प्राणी चार फुटांच्या चौकटींत काढतो. उरलेल्या सातांत त्याचें खाणें, फिरणें, खेळणें आणि माणसांची संगत, आणि त्यांतलाहि मोठा भाग माणसें स्वयंपाकांत किंवा मोबाइलवर असतात. रात्रीचा पिंजरा ठेवावयाचा असेल तर दिवसाचा सोडावा, दिवसाचा अपरिहार्य असेल तर रात्रीं कुत्र्याला मोकळें निजूं द्यावें. दोन्ही मिळून नित्याचा क्रम करूं नये.

पिंजरा सर्वथा त्याज्य मात्र नव्हे. शस्त्रक्रियेनंतर टांके सांभाळावयाचे असतात, विमानप्रवासांत दुसरा उपाय नसतो, पिलाला शुचितेचें वळण लावतांना कांहीं महिने त्याचा फार उपयोग होतो. दिवाळीच्या फटाक्यांत घाबरलेला कुत्रा अंधाऱ्या आडोशाला दडतो, तेव्हां चादरीनें झांकलेला उघड्या दाराचा पिंजरा त्याला आधार वाटतो. यासाठीं ओळख गोडीनें करून द्यावी लागते. पहिले कांहीं दिवस दार उघडेंच असावें, खाणें आंत द्यावें, मग पांच मिनिटें कडी, मग पंधरा, आणि घरांत माणूस असतांना. शिक्षा म्हणून आंत ढकललेला कुत्रा त्या जागेचा कायमचा द्वेष करतो. एकटेपणानेंच ज्याला कांपरें भरतें, त्याला तर कोंडून उपाय होत नाहीं. तो नखें मोडून घेतो, तोंड रक्तबंबाळ करतो. त्याला पशुवैद्याकडेच न्यावें.

नऊ तास घर बंद राहणार असेल तर दुपारीं एकदां दार उघडणारा हात हवा. शेजारच्या आजोबांना किल्ली द्यावी, कुत्री फिरविणारा मुलगा ठरवावा. त्याला अर्ध्या तासाचे पैसे पडतात, पण ते गादीच्या किमतीहून कमीच. नाहीं तर पिंजऱ्याऐवजीं एक लहान खोली, दारांत लहान मुलांसाठीं लावतात तसलें फाटक, फरशीवर पाण्याचें भांडें आणि चघळावयास कांहीं, एवढ्यानेंहि काम भागतें. तारा आणि औषधें तेवढीं उचलून ठेवावीत. आणि पिलूं एक-दीड वर्षाचें होऊन त्याला घराची रीत कळली म्हणजे कडी काढून टाकून पाहावें. कांहीं कुत्रे मग दुपारीं आपण होऊन उघड्या पिंजऱ्यांत जाऊन निजतात. पुष्कळसे त्याच्या शेजारीं, गार फरशीवर, चारी पाय पसरून पडतात.