मैदानाचे शास्त्र (भाग ५) : पन्नास गुणांची आखणी

पोलीस भरतीची चाहूल लागली की ढोकीहून येडशीकडे आणि मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटे पाचपासूनच पोरे धावताना दिसू लागतात. कुणी शेतकऱ्याचा मुलगा, कुणी ऊसतोड मजुराची मुलगी. बूट, क्लासची फी आणि खुराक यांसाठी घरच्यांनी पोटाला चिमटा घेतलेला असतो. मेहनतीला ही मुले मागे हटत नाहीत, पण आखणीत मार खातात. बहुतेक जण रोज तेच अंतर, त्याच वेगाने, छाती भरून येईपर्यंत धावतात आणि महिना-दोन महिन्यांनी वेळ कमी होत नाही म्हणून खचतात.

मागच्या भागात आपण तंदुरुस्तीचे घटक पाहिले : दम, ताकद, वेग, लवचिकता, चपळाई, तोल. हे घटक वाढवायचे कसे, त्याचे नियम आज पाहू.

पहिला नियम असा : ज्याचा सराव कराल, त्यातच शरीर तयार होते. शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. गोळा मुलांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. म्हणजे ५० पैकी ३० गुण वेग आणि स्फोटक ताकद यांवर आहेत. रोज पाच किलोमीटर संथ धावून यांतले एकही वाढत नाही.

याचे कारण स्नायूंच्या इंधनात आहे. १०० मीटरच्या धावेत स्नायू आपल्यातच साठवलेली ऊर्जा वापरतो आणि हा साठा जेमतेम दहा सेकंद पुरतो. तो अर्धा भरून यायला साधारण अर्धा मिनिट आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. १६०० मीटरमध्ये मात्र बरीचशी ऊर्जा श्वासातून आलेल्या प्राणवायूच्या मदतीने तयार होते. म्हणून शंभरच्या सरावात दोन धावांमध्ये चांगली विश्रांती हवी. धाप लागलेली असतानाच पुढची शंभर मारली, तर वेगाचा नव्हे, दमाचा सराव होतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्याने हा पहिला नियम खो-खोच्या मैदानावर दाखवून दिला आहे. सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोचा आक्रमक बसल्या जागेवरून झटक्यात उठतो, काही पावले जीव तोडून पळतो, खो देतो आणि बसतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. या खेळाडूला लांबवर धावायला लावून भागत नाही. त्याला तुटक, वेगवान, दिशा बदलणाऱ्या धावाच लागतात.

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे हे दुसरे उदाहरण. त्याच्या ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात. म्हणजे नुसता दम पुरत नाही, थकलेल्या पायांनी ३५ वेळा अडथळा ओलांडण्याचे कसबही लागते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्ण जिंकले.

दुसरा नियम चढत्या भाराचा. शरीराला सवयीपेक्षा थोडे जास्त काम दिले, तरच ते बदलते. थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या पायांची ताकद परत आणण्यासाठी टप्प्याटप्प्याने वजन वाढवण्याची पद्धत वापरली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. आजच्या प्रत्येक जिममध्ये याच पद्धतीचा वारसा चालतो.

हे १६०० मीटरला कसे लावायचे? समजा, आज तुम्हाला साडेसहा मिनिटे लागतात आणि सहा मिनिटांवर यायचे आहे. ४०० मीटरच्या चार फेऱ्या, म्हणजे प्रत्येक फेरी ९० सेकंदांत पडली पाहिजे. आठवड्यातून एक दिवस ९० सेकंदांच्या वेगाने सुटी ४०० मीटर धावा आणि मध्ये दोन-तीन मिनिटे चाला. पहिल्या आठवड्यात अशा चार फेऱ्या, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सहा. चौथ्या आठवड्यात पुन्हा चारवर या. पहिली फेरी ८० सेकंदांत मारून शेवटची १०० वर गेली, तर तो सराव फुकट. सगळ्या फेऱ्या सारख्या पडल्या पाहिजेत. याशिवाय एक दिवस शंभरच्या धावा, दोन दिवस गोळा आणि त्यासोबत बैठका, जोर व उड्या, आणि दोन दिवस गप्पा मारता येतील इतक्या संथ वेगाने लांब धाव. हे सहा दिवस झाले, म्हणजे आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा राहील.

तो मोकळा दिवस म्हणजे तिसरा नियम. धावताना शरीर झिजते, भरून येते ते झोपेत आणि विश्रांतीत. भरून येण्याआधीच पुन्हा झीज केली की वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडते, नडगी दुखू लागते, सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद लागते. पहाटे चारला उठायचे असेल, तर रात्री नऊला मोबाइल बाजूला ठेवलाच पाहिजे. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान पायाला सोसते. शिवाय गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, तेव्हा रस्ता टाळलेलाच बरा.

चौथा नियम माणसागणिक फरकाचा. दिवसभर उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या मुलाने आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाने एकच वेळापत्रक पाळू नये. मोळी वाहणे हेही काम आहे, शरीर त्याचा हिशेब ठेवते. अशा मुलाने त्या दिवशीचा ताकदीचा व्यायाम वगळावा. मुलींनी मासिक पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर भार हलका करावा, यात कमीपणा नाही.

पाचवा नियम सातत्याचा. सराव बंद झाला की दम दोन-तीन आठवड्यांतच उतरायला लागतो. जाहिरात निघाल्यावर तयारी सुरू करणारा म्हणूनच मागे पडतो. भरती पुढे ढकलली गेली तरी आठवड्याचे तीन दिवस सुरू ठेवा, कमावलेले बरेचसे टिकते.

यातल्या कुठल्याच नियमाला पैसा लागत नाही. भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध यांवर ही तयारी होते. ग्राउंडच्या आधी कुणी इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली, तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्यात नोकरीही जाते आणि जीवही.

पालकांना एक विनंती. मूल एक दिवस घरी झोपलेले दिसले तर त्याला आळशी म्हणू नका. आणि भरतीच्या मुलांनो, आजच एक वही करा. तारीख, अंतर, वेळ, झोप आणि कुठे दुखले, एवढे रोज लिहा. चार आठवड्यांनी ती वाचा आणि जिथे वेळ अडली आहे तिथली आखणी बदला. पुढच्या आठवड्यात वॉर्मअप आणि दुखापतींविषयी बोलू, तोवर निदान पहिल्या आठवड्याची पाने भरलेली असू द्या.